दमा असताना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालतात का?

वडिलांचा दमा जुना आहे, काचबिंदूसाठी टिमोलॉल सुरू झालंय आणि चार दिवसांत रात्रीची घरघर वाढलीय, याचा थेंबांशी संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो. पुढचा थेंब घालायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि 'दमा आहे' हे स्वतःहून सांगा. धाप जास्त असेल तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

मी डॉक्टर नाही, पण असाच घोळ आमच्याकडे झालाय. आई गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. भाजीची पिशवी घेऊन ती दुसऱ्या मजल्यावरच कठड्याला टेकायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. फॅमिली डॉक्टरांनी नाडी धरली तर ४६! औषधं विचारल्यावर तिने बीपीची अ‍ॅटेनोलॉल सांगितली, कॅल्शियम सांगितलं. काचबिंदूसाठी घालत होती त्या टिमोलॉलच्या थेंबांचं नाव नाही. "डोळ्यात घालायचं ते काय औषध?" म्हणजे एक बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारं औषध) पोटातून, दुसरा डोळ्यातून, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही.

टिमोलॉलने डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) तयार होणं कमी होतं, म्हणून डोळ्यातला दाब उतरतो. पण थेंब डोळ्यातच राहत नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, त्यातून तो नाकात उतरतो. कधी घशाशी चव लागते ना, ती याच वाटेने. तिथून औषध थेट रक्तात जातं, गोळीसारखं आधी यकृतातून गाळून नाही. मग हृदय मंदावतं, श्वासनलिका आवळल्या जातात. म्हणून दमेकऱ्यांना टिमोलॉल देत नाहीत. बीटाक्सोलॉल हा दुसरा बीटा ब्लॉकर थेंब फुफ्फुसांना त्यातल्या त्यात सौम्य, तरी दम्यात तेही जपूनच. लॅटानोप्रोस्टसारखे बीटा ब्लॉकर नसलेले थेंब मिळतात. आईला तेच दिलेत.

मात्र टिमोलॉल थांबवून नुसतं बसू नका, बदली औषध लगेच मागा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि दाब वाढतो तेव्हा बहुतेकदा काही दुखतही नाही.

आणि नवी बाटली आली की बारीक अक्षरं वाचा. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिमोनिडीन या काचबिंदूच्याच दुसऱ्या औषधांच्या जोडीने टिमोलॉल एकाच बाटलीत येतं, आणि पुढचं ब्रँडचं नाव भलतंच असतं. चष्मा लावूनही दिसलं नाही तर केमिस्टकडून वाचून घ्या. मी तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघते.