फॉइल राहू दे, मेंदी कुठली ते सांग

प्रश्न : ताई मी देवगडची. मे मध्ये भावाचं लग्न आहे म्हणून केसांत मधाच्या रंगाचे हायलाईट्स (मधेमधे फिकट बटा) करायचेत. सहा-सात वर्षं मेंदी लावतेय, आईची काळी मेंदी उरली तर तीपण लावते. पार्लरवाली हे ऐकून नकोच म्हणाली. घरी किचनमधली फॉइल वापरून केलं तर चालेल का?

उत्तर : अगं चपात्या गुंडाळायची फॉइलसुद्धा चालते, पण ती गुळगुळीत असते, बटेवरून सरकते आणि सरकली की ब्लीच मुळाशी ओघळून तिथे चट्टा पडतो, पार्लरची खरखरीत असते ती त्याचसाठी. फॉइलचं काम एवढंच की बट बाकीच्या केसांपासून वेगळी ठेवायची आणि आतलं ब्लीच सुकू द्यायचं नाही, कारण सुकलं की ते काम करायचं थांबतं. लवकर रंग उतरावा म्हणून फॉइल लावून अंगणात उन्हात बसणाऱ्या बायका मी बघितल्यात, कृपा करून तसं करू नका, गरम झालं की ब्लीच फुगून बाहेर येतं.

पण तुझी अडचण फॉइल नाहीच, मेंदी आहे. साध्या पानांच्या मेंदीवर ब्लीच केलं तर केस नारिंगीवर येऊन अडून बसतात, पुढे हलत नाहीत. काळी मेंदी म्हणजे वेगळंच प्रकरण, काहींत नीळ असते, काहींत केमिकल डाय, आणि काहींत धातूचे क्षार, त्या क्षारांवर ब्लीचमधलं पेरॉक्साईड पडलं की केस तापतात, कधी वाफा निघतात, बट तुटून हातात येते. पार्लरवाली नको म्हणाली ना, मग ती बाई चांगली आहे, तिला सोडू नकोस.

तरीपण बघायचंच असेल तर कंगव्यात येतात ते केस जमव, ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपर (म्हणजे ६ टक्के पेरॉक्साईड) प्लास्टिकच्या वाटीत कालवून त्यात अर्धा तास ठेव. वाटी गरम झाली, वास सुटला किंवा केस चिकट झाले तर विषय संपला. काही झालं नाही तर कुठला रंग येतो तेही तिथेच दिसेल. ४० व्हॉल्यूमच्या नादाला घरी अजिबात लागू नकोस. आणि आधी दोन बादल्या पाणी भरून ठेव, आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, माझ्याकडे एकीच्या डोक्याला ब्लीच आणि पंप बंद, शेवटी शेजारच्या विहिरीवर पोहऱ्याने पाणी काढून धुतलं तिचं डोकं! लग्नापुरतंच हवं असेल तर क्लिपवाल्या रंगीत बटा मिळतात, खरं सांगायचं तर मी तेच करीन.

प्रश्न : पुण्याला हायलाईट्स केले, छान राखाडी होते. गुहागरला सासरी येऊन दोन महिन्यांत तांब्याच्या कळशीसारखे झालेत. पार्लरने फसवलं का?

उत्तर : नाही हो. काळे केस ब्लीचने आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात, राखाडी रंग त्यावरच्या टोनरचा (ब्लीचनंतर लावतात त्या हलक्या रंगाचा) असतो आणि तो काही आठवड्यांत धुऊन जातोच. त्यात तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर बघा, बादलीला आतून लालसर थर धरतो का? धरत असेल तर पाण्यात लोह आहे आणि तेच केसांवर बसतंय. आठवड्यातून एकदा चिलेटिंग शॅम्पू (केसांवर बसलेलं लोह काढतो तो), शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. जांभळा शॅम्पू सगळ्या जणी आणतात पण तो पिवळेपणावर, तुमच्या नारिंगीला निळा लागेल. समुद्रात जायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवा आणि थोडं खोबरेल लावा, म्हणजे खारं पाणी कमी शिरतं.

प्रश्न : मी पुरुष, वय ४८, वेंगुर्ला. पांढरे केस लपवायला फॉइल लावून घेतली तर लोक हसतील का?

उत्तर : गणपतीला चाकरमानी कसले कसले रंग करून येतात, त्यांना हसतो का आपण? (हसतो थोडं.) तुम्हाला ब्लीच लागणारच नाही, फॉइलमध्ये अधूनमधून गडद बटा करून घ्या, वाढ झाली तरी रेघ दिसत नाही. फक्त ४८ तास आधी कानामागे थोडा डाय लावून बघा, खाज आली तर पांढरेच बरे दिसता.