क्लॅम्पवर आकडा कोरलेला आहे का?

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेने नळाच्या दुकानातून यू-बोल्ट आणून त्यावर रंगमंचाचे पार (PAR) दिवे टांगले. एकेक जेमतेम चार किलोचा. चालेल ना? (सांगली)

नाही, उतरवा. सहा मीटरवरून सुटलेला दिवा खाली येईपर्यंत ताशी जवळजवळ 40 किलोमीटरचा वेग घेतो आणि खाली कलाकार उभा असतो. यू-बोल्ट पाण्याची नळी जागेवर धरून ठेवायला असतो. त्यावर किती भार टांगावा हे कुणी तपासलेलं नसतं. दिवा पाइपला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या अंगावर सुरक्षित भार आणि पाइपचा व्यास, दोन्ही कोरलेले हवेत. आकडा नसेल, तर तो क्लॅम्प डोक्यावर नको.

व्यासही मोजून घ्या. दुकानात ‘40 एमएम’ म्हणून मिळणारा पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर भरतो, 32चा 42.4. मोठ्या क्लॅम्पमध्ये बारीक पाइप आवळला जातो खरा, पण जबडा त्याला एखाद-दुसऱ्या रेषेवरच टेकतो. पुढे दिवा फिरवताना तो सरकतो.

प्रश्न : हुक क्लॅम्प घ्यावा की हाफ कप्लर? (डोंबिवली)

साध्या, स्थिर दिव्याला पाइपवर वरून अडकवायचा हुक क्लॅम्प पुरतो. मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरने फिरणारा दिवा, स्वतःच झटके देतो आणि नेपथ्याचा फ्लॅट, म्हणजे देखाव्याची सपाट चौकट, तर सबंध प्रयोगभर लटकलेला असतो. या दोन्हींना पाइपला चहूबाजूंनी कवळणारा हाफ कप्लरच लावा. बांधकामाचा परांचीचा कप्लर घेऊन त्याला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं अजिबात नको. तो पाइपला पाइप जोडण्यासाठी असतो.

जुन्या बिडाच्या क्लॅम्पबद्दल मला मनापासून भीती वाटते. एकदा खाली उतरवलेल्या बारवरचे, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या पाइपवरचे, क्लॅम्प रॉकेलच्या बोळ्याने पुसत होतो. एकाच्या गळ्याशी केसाएवढी काळी रेघ राहिली, कितीही पुसली तरी जाईना. ती चीर होती. बीड वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं. पान्याला पाइप लावून जोर काढणारे हात अशा चिरा पाडतात.

प्रश्न : सेफ्टी वायर क्लॅम्पलाच अडकवली तर? (कोल्हापूर)

सेफ्टी वायर असते ती क्लॅम्प सुटला तरी दिवा धरून ठेवायला. क्लॅम्पलाच अडकवली, तर क्लॅम्प सुटला की वायरही त्याच्याबरोबर खाली. ती दिव्याच्या अंगातून ओवून थेट पाइपभोवती घ्या आणि ढील कमीत कमी ठेवा, कारण पडण्याचं अंतर वाढलं की हिसकाही वाढतो. नायलॉनची दोरी दिव्याच्या उष्णतेने वितळते, म्हणून वायर पोलादीच हवी.

प्रश्न : क्लॅम्पवर 500 किलो लिहिलंय. मग 60 किलोचा फ्लॅट बारच्या मधोमध टांगायला काय हरकत? (नाशिक)

500 हा क्लॅम्पचा आकडा आहे, बारचा नव्हे. दोन दोरांनी टांगलेल्या बारवर एकाच ठिकाणी, मधोमध दिलेलं वजन बारभर पसरलेल्या तेवढ्याच वजनाच्या दुप्पट वाकवणारा ताण आणतं. फ्लॅट दोन क्लॅम्पवर घ्या, ते दोरांच्या जवळ आणा. पण आधी त्या बारवर एकूण किती भार चालतो हे नाट्यगृहाकडून लेखी घ्या. बारवरचे दिवे, केबल, क्लॅम्प, सगळं त्यातच मोजायचं.