कोणासाठी अडलंय?

"मॅडम, प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं की बाहेरच्या कंपन्या मॅनेजर म्हणून घेतील ना?" हा प्रश्न हल्ली इतक्यांदा कानावर येतो की एकीची हकिगत लिहूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ती सत्तावीसची. चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. तीन विद्यापीठांचे अर्ज अर्धवट भरलेले. पहिल्या दोन भेटी रँकिंग, स्कॉलरशिप, व्हिसा यांतच गेल्या. तिसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. ते होतं एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध. "एसओपी कोराच आहे. मी आजवर कुणाला मॅनेज केलंय कुठे? लिहू काय?"

कल मोजणाऱ्या चाचण्यांवर माझी फारशी भिस्त नाही. माणूस कामाबद्दल मोकळेपणी बोलायला लागला की त्याचा कल आपोआप कळतो, असा माझा अनुभव. म्हटलं, "नोकरीतला सगळ्यात वाईट आठवडा सांग."

रिलीज तोंडावर आलेलं, दोन देशांतल्या दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसलेल्या. हिनं रात्री बसून एक शीट बनवली. काम, तारीख, जबाबदारी असे तीन रकाने. आणि चौथा रकाना: 'कोणासाठी अडलंय'.

"बनवायला कुणी सांगितली?"

"कुणीच नाही."

"चौथ्या रकान्यात सगळ्यात जास्त नाव कुणाचं?"

ती हसली. "माझ्याच मॅनेजरचं."

"आणि तशीच पाठवलीस?"

"छे! आधी त्यांना फोन केला. म्हटलं, सर, सगळ्यांना जायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाका. तासाभरात त्यांनी निम्म्या गोष्टी मोकळ्या केल्या."

मी गप्प राहिले. अशा वेळी घाईनं शाबासकी दिली की सगळं मुसळ केरात, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. ती टेबलाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "हे मॅनेजमेंटमध्ये धरतात?"

धरतात. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्रासाठी पदवीधराला प्रोजेक्ट पुढे नेल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. ते देणारी पीएमआय ही संस्था तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते बघत नाही, तुम्ही काय केलंत ते बघते. संस्थेनं मान्यता दिलेली पदवी असेल तर हेच ३६ महिने २४ वर येतात. म्हणजे सवलत मिळते, सूट नाही! अनुभव अजिबात नसेल त्यांच्यासाठी त्याच संस्थेचं सीएपीएम हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे. ब्रिटनकडे डोळे असतील तर प्रिन्स२चं नाव कानावर पडेलच. प्रोजेक्ट चालवायची ती पद्धत तिथल्या सरकारी कामातून आली आणि तिच्या फाउंडेशन या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट नाही. म्हणून कोणतं प्रमाणपत्र घ्यायचं हे मित्राला विचारू नका. ज्या देशात जायचंय तिथल्या नोकरीच्या पन्नास जाहिराती वाचा.

माझं मत स्पष्टच सांगते. पहिली पदवी घेऊन लगेच या मास्टर्सला जाऊ नये. क्रिटिकल पाथ, रिस्क रजिस्टर हे शब्द वर्गात कुणीही शिकतो, पण ज्याचं काम कधी कुणासाठी अडलेलंच नाही, त्याच्या डोळ्यांसमोर ते ऐकून काही उभं राहत नाही. आणि पदवी म्हणजे वर्क परमिट नव्हे. शिक्षणानंतर किती काळ राहून काम करता येतं याचे नियम बदलत असतात. ते त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावेत, एजंटच्या माहितीपत्रकात नव्हे.

पुढच्या आठवड्यात तिनं एसओपी पाठवला. सुरुवात त्या फोनपासून होती. मी एक स्वल्पविराम हलवला, बस्स.

अर्ज मात्र दोनच गेले. तिसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष क्लायंटसोबत करायचा प्रोजेक्टच अभ्यासक्रमात नाही, हे तिनंच शोधून काढलं. शीट बनवून, अर्थात.