डबा तसाच परत जातो

प्रश्न : माझा मुलगा नाशिकला गंगापूर रोडवर खोली घेऊन राहतो आणि मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे गणित आणि मेकॅनिक्स असे दोन विषय राहिले आहेत. महिनाभरापासून तो फोन उचलत नाही, कॉलेजला जात नाही, आणि मेसचा डबा तसाच परत जातो, असे त्याचा रूममेट सांगतो. आमची द्राक्षबाग आहे. फी कर्ज काढून भरली. कडक बोलले की सरळ होईल, असे त्याचे वडील म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले तर नोंद राहून पुढे नोकरीला अडचण येईल, अशी भीती वाटते. काय करावे?
— एक आई, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी डब्याच्या ओळीवर थांबले. भूक, झोप आणि माणसांत मिसळणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले असेल, तर त्याला आळस न समजता नैराश्याची तपासणी करून घ्यायला हवी. या आजारात अंघोळीला उठणेही जड जाते. तिथे कडक बोलण्याने मूल आणखी मिटून जाते.

फोनवर समजावत बसू नका, उद्याच नाशिकला जा. पहिल्या भेटीत निकाल, फी, हजेरी यांचा विषय काढू नका. झोप लागते का, जेवावेसे वाटते का, एवढेच विचारा, आणि तो गप्प राहिला तर तुम्हीही जवळ बसून राहा. थोडा मोकळा झाला, की ‘जीव नकोसा वाटतो का, जीव द्यावा असे मनात येते का,’ हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात, हा समज चुकीचा आहे. कोणीतरी विचारले, यानेच अनेक मुलांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्या. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत, मराठीत बोलता येते. तुम्ही स्वतःही फोन करू शकता. त्याला घरी आणणार असाल, तर आधी बागेच्या फवारणीची सगळी औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा.

नोंदीची भीती मी समजू शकते. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे ते परस्पर कॉलेजला किंवा कंपनीला काही कळवत नाहीत. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू नका. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. मुलाची तयारी असेल तर कॉलेजमध्ये समुपदेशकांनाही भेटा.

त्याच्या वडिलांना सांगा, की कर्जाचा आकडा त्या मुलाला पाठ असतो. शेतकऱ्यांच्या घरातून आलेली कितीतरी मुले माझ्यासमोर बसून तो आकडा सांगतात आणि मग रडतात. ‘विषय राहिले तर पुन्हा देऊ, तू आधी जेव,’ हे त्याला वडिलांच्या तोंडून ऐकू द्या. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत देता येतात. परीक्षेच्या फॉर्मची मुदत तेवढी रूममेटला विचारून ठेवा, म्हणजे ती काळजी सध्या त्याच्या डोक्यावर राहणार नाही.