दृष्टिबाधित मुलांचा अभ्यास आणि मन

प्रश्न : माझा मुलगा जन्मांध आहे. डिचोलीला मराठी शाळेत चौथीपर्यंत ब्रेल भराभर वाचायचा. पाचवीत इंग्रजी माध्यम आलं आणि आता ब्रेलला हातच लावत नाही. मोबाईलवर ऐकतो, चिडचिड करतो.

उत्तर : ताई, हा हट्ट नव्हे. कालपर्यंत वर्गात पुढे असलेल्या मुलाला अचानक काही येईनासं झालंय, त्याची ही चिडचिड आहे. गोव्यात मराठी-कोकणी शाळांतली बरीच मुलं पाचवीत अशीच गांगरतात. तुमच्या मुलावर तर इंग्रजी ब्रेलमधल्या लघुरूपांचंही, म्हणजे शब्द किंवा अक्षरगट थोडक्यात लिहायच्या खुणांचंही, ओझं पडलंय. पण आधीचं शिकलेलं वाया गेलेलं नाही, हे त्याला बोटांनीच कळू द्या. भारती ब्रेलमधला, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमधला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ दोन्हींना पहिला आणि तिसरा ठिपका. ‘ब’ आणि ‘बी’, ‘म’ आणि ‘एम’ यांचंही तसंच. नवी लघुरूपं रोज दोन-तीनच घ्या.

ऐकणं बंद करू नका, धडा समजून घ्यायला ते चांगलंच. मात्र स्पेलिंग, विरामचिन्हं, गणिताची मांडणी नुसतं ऐकून पक्की होत नाही. शिवाय मराठी गोष्टींची ब्रेल पुस्तकं घरात राहू देत. पावसात वीज गेली की त्यालाच सगळ्यांना वाचून दाखवू दे.

प्रश्न : मी फोंड्याला दहावीत आहे. मला कमी दिसतं, पण फळा दिसत नाही हे सांगायची लाज वाटते. संध्याकाळी डोकं दुखतं. परीक्षेत उत्तरं लिहून देणारा लेखनिक घेतला तर मैत्रिणी हसतील का?

उत्तर : ‘दिसतं ना, मग वाच की!’ हे तू किती वेळा ऐकलं असशील! लपवण्यातच तुझी निम्मी शक्ती जातेय. बाईंकडे एकच मागणी कर : फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोला. पुस्तक नाकाशी धरून मान अवघडते, म्हणून उतरता स्टँड, ठळक काळं पेन आणि मध्ये मध्ये विश्रांती घे. डोकेदुखीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखव.

लेखनिक सक्तीचा नाही. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाशिवायही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा मिळतो. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिकाही मागता येते. प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांना आत्ताच भेट. मन फारच खचलं तर घरी सांग, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलताही येतं.

प्रश्न : माझी दृष्टिबाधित नात वसतिगृहातून पेडण्याला येते. तिला कामाला लावायला जीव होत नाही.

उत्तर : आजोबा, लावाच. नुसतं बसवून ठेवलेल्या मुलीला आपण पाहुणी आहोत असंच वाटतं. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं, म्हणजे फळाफुलांच्या मांडवीचं, सामान तिच्यापुढे ठेवा. तोरिंग, सुपारीचं शिपटं, चिबूड ती हाताने, वासाने ओळखेल. कुठे काय बांधायचं, तेही तिलाच ठरवू द्या.