वाचक विचारतात: ट्रॅकच्या पिना घरच्या लेथवर कराव्यात का?

प्रश्न: दादा, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या कोव्हेंट्रीला असतो. इथे आम्ही काही मित्र मिळून दुसऱ्या महायुद्धातली युनिव्हर्सल कॅरिअर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी, ब्रेन कॅरिअर म्हणतात ना, ती उभी करतोय. फोर्डचं व्ही-८ इंजिन चालू झालं, पण ट्रॅकच्या, म्हणजे त्या लोखंडी पट्ट्याच्या लिंक जोडणाऱ्या पिना पार झिजल्यात, काही तर ठोकूनही बाहेर येईनात. मित्राचं म्हणणं सिल्व्हर स्टील (कडक करता येणारं टूल स्टील) आणू, फुल हार्ड करू आणि भोकात टाइट बसवू, म्हणजे परत बघायला नको. लेथ आहे आमच्याकडे. करू का?

उत्तर: पिना जरूर करा, पण टाइट नको आणि फुल हार्ड तर अजिबातच नको.

आधी टाइटचं सांगतो. ह्या गाडीला थोडंसं वळायला ब्रेक लागतच नाही, स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या रोडव्हील्सना धरणारी आडवी ट्यूब एका बाजूला सरकते आणि चालता ट्रॅक जमिनीवर धनुष्यासारखा वाकतो, गाडी त्या वाकाने वळते, अजून फिरवलं की मग त्या बाजूचा ब्रेक लागतो. आता हा लोखंडी पट्टा आडवा वाकणार कसा, तर पिन आणि भोक यांच्यात ठेवलेल्या ढिलेपणामुळेच. तो ढिलेपणा तुम्ही घालवलात तर स्टिअरिंग जड होणार आणि सगळा ताण लिंकच्या कानांवर येणार. पोकलेनच्या चेनला पिनेवर बुश असतो, इथे बुश नाही, नुसती सुकी पिन. म्हणून ग्रीसही लावू नका हो, त्याला माती-वाळू चिकटते आणि घासायची पेस्टच तयार होते.

माप कुठून घ्यायचं? झिजलेली पिन मधेच मोजून उपयोग नाही, शेजारशेजारच्या लिंक तिला दोन्हीकडून आळीपाळीने खातात आणि ती क्रँकशाफ्टसारखी पायऱ्यापायऱ्यांची होते, तुमच्या पिना बाहेर येत नाहीत त्या यामुळेच. त्यांच्या मागे हातोडा घेऊन लागू नका, लिंकमधल्या फटीतून ग्राइंडरने कापा आणि तुकडे काढा. मूळ व्यास डोक्यालगत, जिथे घास लागत नाही तिथे मायक्रोमीटरने मिळेल. गाडी इंचाची आहे, थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) मोजा, जवळचा एमएम बार मिळतोय म्हणून तो घालायचा मोह टाळा. भोकाचं माप न वापरलेली एखादी लिंक मिळाली तर तिच्यातून घ्या, ड्रिलचे शँक एकेक घालून बघितले तरी कळतं. भोकं एकाच बाजूला लांबोळी झालेली असणार. ती वेल्डने भरू नका! लिंक मॅलिएबल कास्ट आयर्नची आहे, वेल्डच्या उष्णतेने तिथला भाग काचेसारखा ठिसूळ होतो. कानात पुरेसा माल शिल्लक असेल तर सगळी भोकं एका मापाला रीमर (भोक नेमकं रुंद करायचं हत्यार) मारून जाड पिन घालता येते, पण लिंक एकदा रीम केली की परतीचा रस्ता नाही, तेव्हा आधी नुसत्या नव्या पिना घालून बघा.

आता मटेरियल. फुल हार्ड सिल्व्हर स्टील दगडावर गाडी आपटली की तुकडा पडणार आणि चालत्या गाडीचा ट्रॅक निघाला तर काय होतं ते सांगायला नको. आणि माझं मत विचाराल तर झीज पिनेनेच घ्यावी, पिना तुम्ही पाहिजे तेवढ्या कराल, लिंक कुठून आणणार? ईएन१९ नाहीतर ईएन२४ ह्या मिश्र पोलादाचा टी-कंडिशनचा बार घ्या, तो आधीच हार्डन-टेंपर केलेला असतो आणि लेथवर व्यवस्थित कापला जातो, पुढे काही करायची गरज नाही. वर्षातून दोन-चार शो करणाऱ्या गाडीला ईएन८सुद्धा चालून जाईल. डोकं टर्न करणार असाल तर त्याखाली टूलने धारदार कोपरा काढू नका, छोटा रेडियस ठेवा, क्रॅक तिथूनच सुरू होतो. वॉशर वेल्ड करून डोकं बनवायची आयडिया कोणीतरी देणारच, ईएन२४ला ती लावू नका. दुसरं टोक जुन्या पिनेला जसं अडकवलंय तसंच अडकवा, ठोकून पसरवायचं असेल तर तेवढं टोक मऊ ठेवावं लागेल.

आणि अर्ध्याच पिना बदलू नका. समजा १५० लिंक आहेत आणि प्रत्येक जोडावर अर्धा एमएम वाढलाय, तर पट्टा ७५ एमएम, म्हणजे जवळजवळ ३ इंच लांब झाला! नवे-जुने जोड मिसळले की पिच (दोन पिनांमधलं अंतर) कमीजास्त होतो आणि मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात खाल्ले जायला लागतात. दोन्ही बाजू एकदमच करा, नाहीतर गाडी ओढत राहील.

जाता जाता, ह्या गाडीचं आपल्याकडेही नातं आहे बरं का. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ साली ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) मेतेम्मा घेतल्यानंतर ४ दिवस सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये बसून ५५ मैल रस्ता साफ करत गेले, १५ माइनफील्ड काढली, दोनदा खालची कॅरिअर उडाली तरी थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना.

प्रश्न: नगरचं टँक म्युझियम बघून आल्यापासून एक शंका आहे, चालताना पिना आपोआप बाहेर का सरकत नाहीत?

उत्तर: सरकतात की! म्हणून तर डोकं, क्लिप वगैरे. रशियाच्या टी-३४ ला मात्र बाहेरून काही अडकवलेलंच नव्हतं, पिनेचं डोकं आतल्या बाजूला, पिन सरकली तर आतच सरकणार, आणि हलच्या (गाडीच्या धडाच्या) बाजूला मागे एक तिरकी पट्टी, प्रत्येक फेरीला सरकलेली पिन तिच्यावर घासून परत जागेवर ढकलली जायची. टकटक आवाज यायचा, पण काम व्हायचं.