सेन्सर एकच बदला, विम्याचा हप्ता मात्र थांबवा

वाईच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 36, घरी पत्नी आणि दोन लहान मुलं, स्वतःची टूरिस्ट गाडी. पाचगणी-महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपूरपर्यंत भाडी मारतात. घाट उतरला की एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, चारही चाकांना वेग मोजणारे 'हीट रेझिस्टंट' (उष्णता सोसणारे) सेन्सर टाका, 2,200 ला एक. बाजारात 900 चाही मिळतो. कोणता घ्यावा, आणि 8,800 रुपये कार्डावर टाकले तर चालतील का? पुढे सहज लिहिलंय: 'कार्डावर 1 लाख 40 हजार आहेत, पण मिनिमम ड्यू (दरमहा भरायची किमान रक्कम) चुकवत नाही. आयुर्विम्याचे दोन्ही वार्षिक हप्ते कार्डानेच भरले.'

सेन्सरचं लगेच सांगतो. चारही एकदम जात नाहीत. स्कॅनर लावला की कोणत्या चाकाचा दोष आहे ते कळतं. कित्येकदा वायर तुटलेली असते किंवा टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, साफ केलं की काम होतं. एकाच चाकाचा सेन्सर पुन्हा पुन्हा जात असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम होऊन ब्रेक घासत नाही ना, ते बघा. तसं असेल तर महागडा सेन्सरही जळेल. बदलायचाच तर तो एकच, गाडीच्या पार्ट नंबरचा, बिलासह. 150 अंशांपर्यंत चालतो असं कंपनीने लिहून दिलेलं असावं. 900 चा बिनानावाचा नको. दिवा लागलेला असताना साधा ब्रेक लागतो, पण ओल्या घाटात चाक लॉक होऊ शकतं, आणि मागे प्रवासी बसलेले असतात.

आता न विचारलेलं. तुम्ही महिन्याला 7 हजार भरता. कार्डाच्या महिन्याला साडेतीन टक्क्यांनी 4,900 व्याज, त्यावर जीएसटी सुमारे 900. मुद्दलात जेमतेम 1,200 जातात! वर्षाचं व्याज 59 हजार, म्हणजे विम्याच्या 60 हजारांच्या हप्त्याएवढंच. आणि ती पॉलिसी? 20 वर्षांत 12 लाख भरून 21 लाख मिळणार, म्हणजे वर्षाला 5 टक्के. 5 टक्के मिळवायला तुम्ही 42 टक्क्यांनी कर्ज काढताय. नात्यातल्या एजंटने 'पैसे जवळपास दुप्पट' सांगितलं, वर्षं किती ते सांगितलं नाही. याचा मला राग येतो. कारण विमा फक्त 6 लाखांचा आहे, दोन मुलांना तो किती पुरणार?

आधी 1 कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, तुमच्या वयाला वर्षाला 15 हजारांच्या आसपास बसेल. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचा तिसरा हप्ता थांबवा आणि सरेंडर केल्यास, म्हणजे मध्येच बंद केल्यास, किती मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या. भरलेल्यापेक्षा बरंच कमी मिळेल. वाईट वाटेल, तरी घ्या. कार्डाची बाकी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाने एकरकमी फेडा. 14 टक्क्यांनी दोन वर्षांचा हप्ता 6,700 पडतो, म्हणजे आज भरता त्याहून कमी, आणि 24 महिन्यांत सुटका. सरेंडरचे पैसे आले की याच कर्जात भरा.

वाचलेल्या हप्त्यातले 45 हजार गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका. टायर, ब्रेक, सेन्सर, सगळं तिथून.